मला फ्रान्सला यायचे नाही

सात-आठ वर्षांच्या एका मुलीने आपल्या बापाला लिहिलेल्या काही चिठ्ठ्या अमेरिकेत जपून ठेवल्या आहेत. एकेक चिठ्ठी दोन-तीन ओळींची. पपा, तुम्हाला भेटावेसे फार वाटते, तुम्ही आणि पॅट्सीताई खुशाल असाल, मला एक बाहुली पाठवा. आणि तुम्ही मला बोलावून घेतलेत याचे मला वाईट वाटते, मला फ्रान्सला यायचे नाही, मला एप्स मावशीकडेच राहायचे आहे. एका चिठ्ठीचा मजकूर एवढाच. दुसरीत तिने तोडगाही सुचवला आहे: भेटायचे असेल तर तुम्हीच एप्सकाकांच्या घरी या.

हा बाप म्हणजे थॉमस जेफर्सन. १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याच्या लेखणीतून उतरला तो, आणि १८०१ मध्ये त्या देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला तोही हाच. चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या त्या काळात मात्र तो नोकरीसाठी पॅरिसमध्ये राहत होता, फ्रान्सच्या राजदरबारी अमेरिकेचा वकील म्हणून. वकील हा शब्द पेशवाईतल्या अर्थाने घ्यायचा. त्याच सुमारास पुण्यात अकरा वर्षांचे सवाई माधवराव गादीवर होते, कारभार नाना फडणवीस पाहत होते आणि मराठ्यांचे वकील दरबारोदरबारी बसून तिथल्या बातम्या पुण्याला धाडत होते. जेफर्सनचे कामही त्याच जातीचे होते. फक्त त्याच्या आणि घराच्या मध्ये अटलांटिक महासागर होता.

घर तरी कसले उरले होते? बायको मार्था ६ सप्टेंबर १७८२ रोजी गेली. सहा बाळंतपणांनी ती खंगली होती. सहावे मूल लूसी त्या वेळी चार महिन्यांचे. त्याआधीची तीन मुले लहानपणीच गेलेली. मागे राहिल्या तिघी: दहा वर्षांची पॅट्सी, चार वर्षांची पॉली आणि ही तान्ही. जेफर्सन कित्येक आठवडे खोलीबाहेर पडला नाही. पुढे १७८४ मध्ये काँग्रेसने त्याला युरोपात पाठवायचे ठरवले तेव्हा त्याने थोरल्या पॅट्सीला बरोबर घेतले आणि ५ जुलैला बोस्टनहून जहाज पकडले. धाकट्या दोघी व्हर्जिनियातच, एपिंग्टन नावाच्या मळ्यावर, मावशीच्या पदरात राहिल्या. एलिझाबेथ एप्स ही मार्थाची बहीण. माय मरो पण मावशी उरो असे आपण म्हणतो, त्या म्हणीतली मावशी म्हणावी तर ही. या मुलींचे तिने आपल्या मुलांच्या बरोबरीने केले.

ऑक्टोबर १७८४ मध्ये एपिंग्टनच्या घरात डांग्या खोकला शिरला. मावशीलाही लूसी नावाचीच एक मुलगी होती. आठवड्याच्या आत दोन्ही लूसी गेल्या. पॉलीलाही खोकला झाला होता, ती वाचली. १३ ऑक्टोबरला मावशीने कसेबसे पत्र लिहून मेहुण्याला हे कळवले. पण त्या काळी पत्र म्हणजे जहाज, वारा आणि नशीब. बातमी पॅरिसला पोचली ती जानेवारी १७८५ च्या अखेरीस, फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेहून परतला त्याच्याबरोबर आलेल्या डाकेतून. मावशीचे स्वतःचे पत्र तर मे महिन्यात हाती पडले. म्हणजे साडेतीन महिने हा बाप पॅरिसमध्ये धाकटीची आठवण काढत होता, ती आता बोलू लागली असेल असे कदाचित मनात आणत होता, आणि मूल केव्हाच मातीत गेलेले होते. परदेशी राहणाऱ्याचे दुःख असे शिळे होऊन येते, आणि त्याला मात्र ते नव्यानेच भोगावे लागते.

त्या मे महिन्यातच त्याने एप्स कुटुंबाला कळवले की पॉली आता माझ्याजवळच हवी. मरण पुन्हा दारात आले तर आपण निदान घरात असू, हा विचार समजण्यासारखा आहे. मी स्वतः त्याला इथवर दोष देत नाही.

२० सप्टेंबर १७८५ रोजी त्याने खुद्द पॉलीला पत्र लिहिले. त्याच्या हजारो पत्रांमध्ये मला हे सर्वांत लक्षात राहणारे वाटते, आणि सर्वांत अस्वस्थ करणारेही. सुरुवात तक्रारीने: फ्रान्सला आल्यापासून तुझे एकही पत्र नाही. मग तो सांगतो की तुला भेटायची इतकी ओढ लागली आहे की मावशी-काकांना तुला इकडे पाठवायला सांगितले आहे. त्यांना सोडताना तुला वाईट वाटेल हे मला कळते, त्यांनाही वाटेल. पण ताई आणि मी तुझ्यावाचून राहू शकत नाही. मग आमिषे. इथे तुला हार्पसिकॉर्ड वाजवायला शिकवतील, चित्रे काढायला, नाचायला, फ्रेंच बोलायला शिकवतील. हव्या तितक्या बाहुल्या आणि खेळणी मिळतील, तुझ्या भावंडांना पाठवण्यासाठीसुद्धा. मग बापाचा उपदेश: कोणावर रागावू नये, कधी खोटे बोलू नये, कोणाकडे काही मागत सुटू नये. आणि अखेरीस, जाता जाता, एक सूचना. उन्हात टोपी घातल्याशिवाय बाहेर पडू नकोस, नाहीतर कुरूप दिसशील, आणि मग आमचे तुझ्यावर इतके प्रेम राहणार नाही.

हे शेवटचे वाक्य मला अनेकदा वाचूनही पटलेले नाही. त्या काळच्या श्रीमंत घरांत मुलींच्या कांतीची काळजी करीत, उन्हाने चेहऱ्यावर डाग पडू नयेत म्हणून जपत, हे सगळे खरे. जेफर्सनच्या मनात मुलीला धमकावण्याचा हेतू नसणार हेही खरे. पण तीन हजार मैलांवरून येणाऱ्या पत्रात बापाचा चेहरा दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही. शेजारी बसून हसत म्हटलेले चालले असते ते कागदावर अटीसारखे उमटते. पॅट्सी शिकायला फिलाडेल्फियात होती तेव्हा, नोव्हेंबर १७८३ मध्ये, त्याने तिलाही असेच लिहिले होते. आठ ते दहा संगीत, दहा ते एक या वेळात एक दिवस नाच आणि एक दिवस चित्रकला, दुपारी फ्रेंच, संध्याकाळी पुन्हा संगीत, मग झोपेपर्यंत इंग्रजी वाचन. संपूर्ण दिवसाचे वेळापत्रक, आणि त्याला जोडून हे की मी सांगितलेल्या गोष्टी शिकलीस तर माझ्या प्रेमाला पात्र ठरशील. या माणसाला प्रेम होते, उदंड होते. ते कागदावर आले की त्याचे हुकूमनामे होत.

आणि हुकूमनामे काढण्यात तो तरबेज होता. पॉलीच्या प्रवासासाठी त्याने एप्स कुटुंबाला पाठवलेल्या अटी पाहिल्या तर त्याची काळजी किती बारीक होती ते दिसते. जहाज अगदी नवे नको, निदान एक फेरी त्याने केलेली असावी. पण चार-पाच वर्षांहून जुनेही नको. वादळांचे महिने टाळायचे, म्हणून एप्रिल ते जुलै एवढ्याच काळात निघायचे. त्यात १७८५ च्या उन्हाळ्यात अल्जियर्सच्या चाच्यांनी दोन अमेरिकन जहाजे पकडून खलाशांना गुलाम केले. तेव्हा नवी अट आली: मूल पाठवायचे ते अमेरिकन निशाणाखाली नाही, इंग्रज किंवा फ्रेंच जहाजातूनच. पॉली चाच्यांच्या हाती सापडून गुलाम झाली तर, या भीतीने त्याची झोप उडाली होती. आणि सोबतीला कोणी? एखादी काळजीवाहू काळी बाई चालेल, उदाहरणार्थ इसाबेल. मात्र तिला देवी येऊन गेलेल्या असाव्यात. ती बाई त्याच्याच मालकीची होती, म्हणून नाव लिहिले की काम झाले.

इकडे पॉली काही ऐकेना. वर आलेल्या चिठ्ठ्या हे तिचे उत्तर. जेफर्सनने नोव्हेंबर १७८३ पासून आपल्या आल्यागेल्या प्रत्येक पत्राची नोंदवही ठेवली होती, ती त्याने मरेपर्यंत चालवली. राजेरजवाड्यांची, सेनापतींची, शास्त्रज्ञांची पत्रे त्या वहीत आहेत. फ्रेंच टपालखाते परक्या वकिलांची पत्रे फोडून वाचते हे ठाऊक असल्यामुळे तो राजकारणाची पत्रे सांकेतिक लिपीत लिही. त्या सगळ्या मोठ्या कारभारात या पोरीच्या चार ओळी उघड्या, सरळ आणि कोणत्याही संकेताविना आहेत. नाही, असे तिने म्हटले आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

१७८६ चा मोसम असाच गेला. १७८७ च्या वसंतात मावशीने बापाला लिहिले की सगळ्या युक्त्या करून झाल्या, पोरगी बधत नाही. माझ्या मुलांपैकी कोणीही तिच्या जागी आनंदाने आले असते. मावशीची अवस्था काय झाली असेल! मूल तिच्या पोटचे नव्हते आणि बापाचा हक्क मोडता येत नव्हता. शेवटी मोठ्या माणसांनी केले ते असे. मे महिन्यात 'रॉबर्ट' नावाचे जहाज निघायच्या बेतात होते. पॉलीला आणि सगळ्या मावसभावंडांना त्या जहाजावर खेळायला नेले. एक-दोन दिवस मुले डेकवर धावली, लपाछपी खेळली, खोल्या-खोल्यांतून हिंडली. पॉलीला जहाज घरासारखे वाटू लागले. मग दमून ती झोपली, आणि झोपेतच भावंडे उतरून गेली. ती जागी झाली तेव्हा किनारा मागे पडला होता.

आठ वर्षे नऊ महिने हे तिचे वय. बापाच्या प्रेमळ पत्रांचा शेवट या फसवणुकीत झाला. पुढे लिहिलेल्या कित्येक चरित्रांत हा प्रसंग गोड गंमत म्हणून येतो. मला तो गोड वाटत नाही.

पाच आठवडे समुद्रावर. जहाजाचा कप्तान रॅमझी चांगला माणूस होता. पॉलीने त्यालाच जवळचे मानले, इतके की लंडनला पोचल्यावर त्याला सोडताना पुन्हा रडारड झाली. २६ जून १७८७ रोजी ती लंडनमध्ये ॲबिगेल ॲडम्सच्या घरी आली. ॲबिगेलचे पती जॉन ॲडम्स इंग्लंडच्या दरबारी अमेरिकेचे वकील होते; हेच पुढे देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. ग्रोव्हनर स्क्वेअरमधल्या त्या घरात पॉली दोन आठवडे राहिली, आणि ॲबिगेलने जेफर्सनला लिहिलेल्या पत्रांमुळे त्या दोन आठवड्यांतली ही मुलगी आपल्याला जवळून दिसते. त्याआधी ती फक्त निरोपातून भेटत होती.

पहिल्या दिवशी ती खलाशासारखी रांगडी वाटली, ॲबिगेलने लिहिले. इतके दिवस पुरुषांतच काढलेले. तिला शांत करावे म्हणून ॲबिगेल म्हणाली, तुझ्या ताईला मी कधी रडताना पाहिले नाही. पॉलीने उत्तर दिले की ताई मोठी आहे, तिला शहाण्यासारखे वागता यायलाच हवे. शिवाय तिच्याजवळ पपा आहेत. घरात जेफर्सनचे तैलचित्र होते, ते ॲबिगेलने तिला दाखवले. हे कोण, ओळख. पोरीने सांगितले की मी नाही ओळखत. खुद्द पपांनाच ओळखणार नाही, तर चित्र कुठून ओळखू? तीन वर्षांत आलेली सगळी पत्रे, त्यांतल्या बाहुल्या, हार्पसिकॉर्ड आणि ती उन्हाची टोपी. आणि बापाचा चेहरा मुलीला ठाऊक नाही.

ॲबिगेलने तिला कपडे घेतले, पुस्तके घेतली, बाहेर फिरवले. दोन-चार दिवसांत पॉली तिला बिलगली. आता बाप येऊन तिला घेऊन जाईल अशीच सगळ्यांची समजूत. पण जेफर्सन आला नाही. दक्षिण फ्रान्स आणि इटलीचा साडेतीन महिन्यांचा प्रवास करून तो १० जूनला पॅरिसला परतला होता, टेबलावर कामाचा ढीग साचला होता. त्याने आपला कारभारी आद्रियां पेती याला पाठवले. पेतीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पॉलीला फ्रेंचचा येत नव्हता.

यावर पॉली जे म्हणाली ते ॲबिगेलने जसेच्या तसे बापाला कळवले, आणि हे तिने बरेच केले. मी माझी सगळी माणसे व्हर्जिनियात सोडून, समुद्र ओलांडून पपांसाठी आले. मला वाटले होते की मला न्यायला ते स्वतः येण्याची तसदी घेतील. ज्याचे बोलणे मला कळत नाही असा माणूस पाठवणार नाहीत. आठ वर्षांच्या मुलीचा हा जाब आहे. जेफर्सनच्या राजकीय विरोधकांनी आयुष्यभर त्याच्यावर खूप लिहिले. इतके नेमके बोट क्वचितच कोणी ठेवले असेल.

पेतीने गाडीची तिकिटे काढून ठेवली होती. निघायच्या दिवसापर्यंत पॉली ॲबिगेलच्या गळ्यात हात घालून रडत होती. आता कुठे मला तुम्ही आवडू लागलात, तर मला तुमच्यापासून का तोडता, असे विचारीत होती. १५ जुलैला ती पॅरिसला पोचली. दुसऱ्याच दिवशी जेफर्सनने ॲबिगेलला लिहिले की बहिणीला ती पार विसरली आहे. मला पाहून मात्र काहीतरी आठवल्यासारखे तिला वाटले. पॅट्सी पाँतमाँच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होती. ती आठवडाभर घरी येऊन राहिली, रोज थोडा वेळ धाकटीला शाळेत नेऊन आणू लागली, आणि हळूहळू पॉली तिथे रुळली. तिचे नाव फ्रेंच वळणाने मारी झाले, मग मारिया. मावशी मात्र विसरली गेली नाही. मावशीचे पत्र आले की तिचा चेहरा लाल व्हायचा, पांढरा पडायचा, पुन्हा लाल व्हायचा, आनंदाने हात थरथरून पत्र उघडता यायचे नाही, असे जेफर्सननेच मावशीला कळवले आहे. त्याने हे मोकळ्या मनाने लिहिले, हा त्याचा मोठेपणा.

आता त्या जहाजावरच्या दुसऱ्या मुलीकडे येतो.

इसाबेल बाळंतपणामुळे प्रवासाला योग्य राहिली नाही, म्हणून एप्स कुटुंबाने तिच्याऐवजी सॅली हेमिंग्जला पाठवले. ॲबिगेलला ती पंधरा-सोळा वर्षांची वाटली. प्रत्यक्षात ती चौदाची होती. ॲबिगेलच्या पत्रात ती 'बरोबरची मुलगी' एवढीच आहे. स्वभावाने चांगली, पॉलीवर माया करणारी. पण पॉलीपेक्षा हिचीच काळजी जास्त घ्यावी लागते, असे ॲबिगेल लिहिते. कप्तान रॅमझीचे मत पडले की हिचा काही उपयोग नाही, परतीच्या फेरीत व्हर्जिनियाला नेऊन टाकावी. तसे झाले नाही. पेतीबरोबर दोघी पॅरिसला गेल्या.

सॅलीची आई एलिझाबेथ हेमिंग्ज ही जॉन वेल्स नावाच्या जमीनदाराची गुलाम होती, आणि सॅलीचा बाप खुद्द वेल्स, असे हेमिंग्ज कुटुंबात सांगत आले आणि इतिहासकारही आज मानतात. वेल्स १७७३ मध्ये वारला. त्याच्या इस्टेटीतून जमीन आणि सुमारे १३५ गुलाम जेफर्सनच्या घरी आले, कारण जेफर्सनची बायको मार्था ही वेल्सची मुलगी. त्या १३५ मध्ये हेमिंग्ज मायलेकरे होती. म्हणजे सॅली ही मार्थाची सावत्र बहीण. पॉलीची मावशी.

एलिझाबेथ एप्स हीसुद्धा वेल्सचीच मुलगी, पण मार्थाच्या आईपासून झालेली नव्हे; वेल्सच्या दुसऱ्या बायकोपासूनची. तीही मार्थाची सावत्र बहीणच. नात्याच्या हिशेबाने एलिझाबेथ आणि सॅली अगदी एकाच पायरीवर उभ्या आहेत. आपल्या भाषेत दोघींनाही एकच शब्द आहे. एका मावशीला सोडायचे नाही म्हणून पॉली दोन वर्षे हट्ट करून बसली. आणि दुसरी मावशी तिची पेटी उचलायला तिच्याबरोबर जहाजावर चढली. पॉलीने जायला नकार दिला, तो मोडायला मोठ्या माणसांना कपट करावे लागले. सॅलीला कोणी विचारलेच नाही. तिलाही एपिंग्टनमध्ये सोडून जाऊ नये असे वाटणारे कोणी असेल, जेफर्सनच्या मॉन्टिचेलो या मळ्यावर आई होती. चाच्यांनी पॉलीला गुलाम करू नये म्हणून जहाजाचे निशाण निवडणारा बाप, त्याच जहाजावरून सोबतीला एक गुलाम बाई मागवत होता आणि आली ती त्याच्या मेलेल्या बायकोची बहीण, आणि या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना कधी भेटल्या असे दिसत नाही. हा त्या काळाचा दोष, असे म्हणून मला सोडून देता येत नाही. सगळी माणसे जन्मतः समान आहेत हे वाक्य लिहिणारा हाच होता.

पॅरिसमध्ये सॅलीचा भाऊ जेम्स आधीपासून होता, फ्रेंच स्वयंपाक शिकत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉक्टर सटनकडून सॅलीला देवी टोचून घेतल्या. जेफर्सनच्या वहीत त्याचा खर्च २४० लिव्र असा लिहिलेला आहे. पुढे तिला थोडा पगारही मिळू लागला. फ्रान्सच्या भूमीवर गुलामाने न्यायालयात अर्ज केला तर त्याला स्वातंत्र्य मिळत असे, आणि ते दोघा भावंडांना कळले नसेल हे संभवत नाही. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने उतारवयात आपली आठवण ओहायोतल्या एका वृत्तपत्रात छापली. आई परत यायला तयार नव्हती, कारण फ्रान्समध्ये ती स्वतंत्र होती, व्हर्जिनियाला परतली की पुन्हा गुलाम होणार होती. जेफर्सनपासून तिला दिवस गेले होते. तुझी मुले एकवीस वर्षांची झाली की मोकळी करीन असे वचन त्याने दिले तेव्हाच ती निघाली, असे त्यात आहे. ही आठवण छापली गेली मार्च १८७३ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. मॅडिसन आणि जोतीराव यांना एकमेकांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. दोघे एकाच वर्षी एकाच गोष्टीबद्दल बोलत होते.

मॅडिसनवर शंभर वर्षे बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. १९९८ मध्ये सॅलीच्या एस्टन या मुलाच्या वंशजाची आणि जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाची जनुकीय तपासणी झाली, ती जुळली. २००० साली मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेच मान्य केले की सॅलीच्या मुलांचा बाप जेफर्सन असण्याचीच शक्यता जास्त आहे.

१७८९ च्या शरद ऋतूत सगळे परतले. पॉली ऊर्फ मारियाने १७९७ मध्ये लग्न केले ते एप्स मावशीच्याच मुलाशी, जॉनशी. जिथून तिला फसवून नेले होते त्या घरची ती सून झाली, याचा मला आनंद वाटतो. त्या लग्नात बापाने लेकीला आंदण दिले त्यात बेट्सी नावाची एक मुलगी होती. हेमिंग्ज कुटुंबातलीच, सॅलीची भाची. वय वर्षे चौदा.

मारिया १७ एप्रिल १८०४ रोजी बाळंतपणानंतरच्या आजारात गेली, आईसारखीच. पंचवीस वर्षांची होती. जेफर्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. ॲडम्स कुटुंबाशी त्याचे राजकारणावरून बोलणे तुटले होते. तरीही ॲबिगेलने २० मे रोजी त्याला पत्र लिहिले. लंडनमध्ये ती लहानगी गळ्यात हात टाकून रडली होती, ते विसरता येत नाही, असे तिने कळवले. जॉन ॲडम्सला न सांगता लिहिलेले ते पत्र आज उपलब्ध आहे.

पॉलीच्या चिठ्ठ्या आहेत, बापाची पत्रे आहेत, दोन्ही बाजूंच्या नोंदी आहेत. सॅली हेमिंग्ज १८३५ मध्ये शार्लट्सव्हिलला वारली. तिची कबर कुठे आहे ते ठाऊक नाही, तिचे चित्र नाही, आणि तिच्या हातची एक ओळही शिल्लक नाही.